आहेस तशीच

प्रज्ञा गेली त्याला आता सात आठवडे झाले. त्या दिवशी मी कॉलेजच्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होतो. तिच्या कात्रजच्या शाळेतून मुख्याध्यापिकांचा फोन आला. "सर, बाई वर्गात पडल्यात. तुम्ही या... सावकाश या." त्या 'सावकाश'चा अर्थ मला स्वारगेट ओलांडेपर्यंत कळला नाही. मेंदूत रक्तस्राव झाला होता. मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. पुण्यानुमोदनाला आलेले लोक म्हणाले, तुमचं तिच्यावर फार प्रेम होतं. मी मान हलवली. त्या प्रेमापायी तिची अकरा वर्षं गेली, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

प्रज्ञाचा खालचा जबडा पुढे होता. तोंड मिटलं की खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येत. मला त्यात कधी काही खटकलं नाही. उलट तिच्या खाण्याचं मी कौतुकच करायचो. वडापाव असो की सफरचंद, ती त्याचे बारीक तुकडे करून गालात मागे सरकवायची. "किती नीटनेटकं खाते बघा," असं मी मित्रांना सांगायचो. ती तोंडावर हात ठेवून हसायची.

लग्नाला तेरा वर्षं झाली असताना दाढ दुखते म्हणून आम्ही वारज्यातल्या एका दातांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी दाढ पाहिली, मग तिला दात मिटायला सांगून बराच वेळ बघत राहिल्या.

"समोरच्या दातांनी काही तोडता येतं? काकडी, सफरचंद?"

"नाही."

"कधीपासून?"

"दात आल्यापासून."

मी शेजारच्याच खुर्चीत बसलो होतो. तेरा वर्षं तिच्या ताटाशेजारी जेवलेला माणूस.

चेहऱ्याचा बाजूनं एक्स-रे काढला. खालचा जबडा जास्त वाढला होता, वरचा थोडा मागे राहिला होता. नुसत्या तारांनी भागणार नव्हतं. आधी दीड वर्ष तारा, मग शस्त्रक्रिया. "इतके दिवस का थांबलात?" डॉक्टरबाईंनी विचारलं. प्रज्ञा म्हणाली, "राहून गेलं."

घरी परतताना स्कूटरवर मागे बसून तिनं सांगितलं. "लग्नानंतर दोन वर्षांनी मी एका डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनीही हेच सांगितलं. संध्याकाळी तुम्हाला विचारलं, जबड्याचं ऑपरेशन करून घेऊ का. तुम्ही वाचत होता. मान वर न करता म्हणालात, मला तू आहेस तशीच आवडतेस." मग म्हणाली, "इतकं छान बोललात. त्यावर काय बोलणार?"

मला ती संध्याकाळ आठवत नव्हती. अजूनही आठवत नाही... कोणतं पुस्तक होतं, तेही नाही.

तारा लावल्यावर जबडा आणखीच पुढे दिसू लागला. आडवेतिडवे दात सरळ झाले की खरं अंतर उघडं पडतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तरी मी घाबरलो. माझी बहीण तर तोंडावरच म्हणाली, "वहिनी, हे बरं होतंय की वाढतंय?" प्रज्ञा म्हणाली, "आधी सगळं उघडं करून दाखवतात, मग झाकतात. तुमच्या सोसायटीच्या पाइपलाइनसारखं."

शस्त्रक्रियेत खालचं हाड दोन्ही बाजूंनी मागे कापून, जबडा आत सरकवून बारीक पट्ट्यांनी बसवला. दोन्ही जबडे रबरांनी बांधून ठेवले होते. मी वरण फडक्यातून गाळून सिरिंजनं तिच्या गालाच्या कडेनं सोडायचो. तिसऱ्या दिवशी, सिरिंज हातात असतानाच, मी तिची माफी मागितली. खूप बोललो. तिनं उशाशी ठेवलेली वही ओढली आणि लिहिलं, "मला बोलता येत नाही, म्हणून आत्ता सांगताय होय?" मग आणखी एक ओळ लिहिली, "वरण सांडतंय."

सगळं खायला परवानगी मिळाली त्या आठवड्यात आम्ही स्वारगेटला बसची वाट बघत होतो. तिनं हातगाडीवरचा एक पेरू उचलला. "कापू नका, अख्खा द्या."

"मग ताई, तिखट-मीठ कुठं लावू?"

"वरून लावा. मी बघते."

तिनं पेरूचा लचका तोडला. खालचा ओठ अजून बधिर होता. हनुवटीवर बिया लागलेल्या तिला कळल्या नाहीत. पेरूवर उमटलेले दात तिनं माझ्यासमोर धरले, पहिलीतलं मूल पाटी धरतं तसे. बस आली, गेली. आम्ही तिथंच उभे होतो.

त्यानंतर तिला चार वर्षं मिळाली. पंधरा मिळाली असती.

साडीला फॉल ती घरीच लावायची. पूर्वी कात्री मांडीशी घेऊन बसायची. शस्त्रक्रियेनंतर कात्री डब्यातच राहिली. दोरा ती दातांनी तोडायची. "डॉक्टर ओरडतील," मी म्हणायचो. "सांगू नका मग," ती म्हणायची.

एका निळ्या साडीला अर्धाच फॉल लावून झाला आहे. परवा तिची बहीण आली होती. म्हणाली, "दाजी, द्या ती साडी, उरलेला फॉल मी लावते." मी नको म्हणालो. प्रज्ञा थांबली तिथं दोऱ्याचं टोक आहे. कात्रीनं कापलेला दोरा सरळ तुटतो. हे टोक चपटं आहे, जरासं पिंजारलेलं. तिथून पुढं मी कुणाला शिवू दिलेलं नाही.