मधमाश्यांना न सांगितलेलं नाव

देवासमोर उभं राहायची मला लाज वाटत होती. चार महिन्यांपूर्वी माझा थोरला भाऊ सरहद्दीवर मारला गेला, आणि ते मी आईला सांगितलंच नव्हतं. साताऱ्याकडच्या आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. दादा भरती झाला म्हणून मी शिकलो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि हे सांगताना आजही मान ताठ होते. पण इथं परदेशात, हॅमिल्टनला माझ्याकडे राहणाऱ्या, हृदय कमजोर झालेल्या आईपुढं हा पदवीधर गप्प बसला. दादाची बदली फोन लागत नाही अशा जागी झालीय, असं खोटं सांगितलं. गावाकडच्यांनाही बजावलं. तिला एकटी टाकवेना, म्हणून दादाच्या अग्नीलाही गेलो नाही. आई रोज सकाळी खंडोबाच्या टाकापुढं दादाच्या नावानं चिमूटभर भंडारा वाहायची. मी वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडायचो आणि रडायचो.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी टाकापुढं एवढंच म्हणालो, "देवा, माझी जीभ उचलत नाही. तूच बघ काय ते."

त्याच दुपारी शेजारचे वॉल्टर कुंपणाशी आले. नव्वदी ओलांडलेले, मूळचे इंग्लंडमधल्या खेड्यातले, शेतकऱ्याच्या घरचे. त्यांच्या मागच्या अंगणात मधमाश्यांच्या तीन पेट्या आहेत. थंडीआधी त्यांना जाड कागद गुंडाळायला मदत हवी होती. दोरी बांधताना माझी धांदल बघून पुटपुटले, "युनिव्हर्सिटीत हे शिकवलं नाही वाटतं."

"म्हशी बांधायला शिकलोय. त्या हलतात तरी," मी म्हणालो.

काम झाल्यावर त्यांनी खिशातून घराची किल्ली काढली, एकेका पेटीवर टकटक केली आणि हळूच म्हणाले, "एडिथ गेली." एडिथ त्यांची बहीण, परवाच तिकडे वारलेली. घरात कुणी गेलं की मधमाश्यांना सांगायचं, नाहीतर त्या घर सोडतात, अशी त्यांच्याकडची रीत.

मग पेटीवर हात ठेवून ते बोलत राहिले. त्यांचे तीन थोरले भाऊ महायुद्धात गेले. तार आली की आई यांनाच पेट्यांकडे पाठवायची. दोघांची नावं यांनी सांगितली. तिसऱ्याचं, टॉमचं, तोंडातून निघेना. सांगितलं नाही तर तो परत येईल, असं त्या वयात वाटलं. आईला मात्र म्हणाले, सांगून आलो. थंडी सरल्यावर पेट्या उघडल्या, तर आत एकही जिवंत माशी नाही.

"गारठ्यानं मेल्या असतील," वॉल्टर म्हणाले. "पण आईनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. ती जाईपर्यंत टॉमचं नाव आम्ही दोघांनी काढलं नाही."

दादाबद्दल मी त्यांना अवाक्षर सांगितलेलं नव्हतं.

घरी आई मेथी निवडत होती. मी तिच्या पायाशी बसलो. "आई, दादा गेला गं. चार महिने झाले."

तिचे हात थांबले. मी तिची नाडी चाचपू लागलो, तर तिनं मनगट सोडवून घेतलं. विचारलं, "तळमळला का रं?"

"नाही. लगेच गेला."

ती टाकाकडं बघत राहिली. "चार महिनं मी ह्याच्याकडं त्याचं आयुष्य मागत बसले. ऐकून घेताना ह्याला तरी कसं झालं असंल." आणि मग ती रडली. मीही तिच्यासमोर पहिल्यांदा रडलो.

वॉल्टरना देवानं धाडलं का, मला ठाऊक नाही. मी दोघांचाही ऋणी आहे. आईला मी सांभाळतोय, असा माझा समज होता. सांभाळणारा निराळाच, आम्हा दोघांचंही तो गुमान ऐकत होता. दुःख तसूभर कमी झालेलं नाही. पण आता ते मी एकट्यानं धरून ठेवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आईनं दिवा लावला. दादाच्या नावाची चिमूट सवयीनं उचलली, क्षणभर थांबली, आणि माझ्या कपाळाला लावली.