ताईच्या जागेवर

शाळा फुकट, पुस्तकं फुकट, वर मुलींना फी माफ, तरी ही माणसं शिकत नाहीत, असं कुणी म्हणालं की पूर्वी मी भांडायला उठायचे. आता उठत नाही. ऑफिसात डबे उघडले की हा विषय अधूनमधून निघतोच, आणि मी मान खाली घालून जेवत राहते. उत्तर द्यायचं तर सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि तेवढा दम आता राहिलेला नाही. इथे एकदाच सांगून टाकते.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आम्ही सुरतेत पांडेसराच्या बाजूला एका चाळीत, एका खोलीत राहायचो. वडील लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, कारीगर होते. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. आई घरात मेस चालवायची. आमच्या तालुक्यातून एकटे आलेले कारीगर आमच्याकडे जेवायचे. सकाळी सातला पाळी बदलायची, त्याच्या आत जाणाऱ्यांचं जेवण उरकायचं आणि लगेच रात्रपाळी करून आलेले ताटावर बसायचे. संध्याकाळी पुन्हा तेच. धंद्यात मंदी आली की वडिलांचा माग थांबायचा, पण भूक थांबत नाही, म्हणून खरं तर घर मेसवर चालायचं. वडिलांसमोर हे बोलायची सोय नव्हती.

आमची शाळा महापालिकेची, मराठी माध्यमाची. मोठे वर्ग सकाळी सातला, लहान वर्ग दुपारी. ताई सातवीत होती, मी चौथीत. ताई गणितात अशी होती की फळ्यावर उदाहरण लिहून होईपर्यंत हिचं उत्तर तयार. पहाटे उठून आईला पीठ मळून द्यायची, अर्ध्या भाकरी थापायची आणि हाताला पीठ तसंच घेऊन शाळेत पळायची. सातवीनंतर आमची शाळा संपत होती. पुढे हायस्कूल होतं, चालत जाण्याइतकं जवळ, आणि मुलींना तिथेही फी नव्हती. ताईला तिथे जायचं होतं. हे ती कुणाला सांगत नसे, फक्त मला सांगायची.

थंडी संपता संपता आईला मुलगा झाला. माहेरी गेली असती तर मेस बुडाली असती, म्हणून बाळंतपण सुरतेतच केलं. पण सव्वा महिना बाळंतिणीनं चुलीला शिवायचं नाही, हा नियम आमच्याबरोबर खानदेशातून सुरतेपर्यंत आला होता, आणि तो मोडायची आईची छाती नव्हती. मेसवाल्यांनीही तिच्या हातचं खाल्लं नसतं. तेव्हा चूल ताईकडे आली.

आता खात्यातली एक रीत समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. खात्यात कारीगराला लग्नाला किंवा मयताला गावी जायचं झालं, तर तो आपल्या जागी मेहुण्याला नाहीतर चुलतभावाला उभं करून जायचा. त्या माणसाला बदली म्हणायचे. माग रिकामा दिसला की सेठ तिथे दुसरा कारीगर लावायचा, मग गावाहून आलेल्यानं दारात उभं राहायचं. नोकरीची दुसरी कुठली हमी आमच्या लोकांनी पाहिलेलीच नव्हती.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या सोमवारी आईनं अंधारातच मला उठवलं.

"जाय, बहीणनी जागावर बठ," ती म्हणाली. "जागा खाली ऱ्हायनी का दुसरा बठी जास."

मी म्हटलं, मी चौथीत आहे. ती म्हणाली, बसायला चौथी काय आणि सातवी काय. फुकटाची जागा आहे, अशी जागा कोण सोडतं, उद्या कुणीतरी येऊन बसेल, मग ताईनं परीक्षा कुठे बसून द्यायची? मला ते पटलं. नऊ वर्षांच्या मुलीला न पटण्यासारखं त्यात काही नव्हतं.

सातवीच्या वर्गात मी ताईच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. सातवीच्या शिक्षिकेला आम्ही बाई न म्हणता बेन म्हणायचो, सुरतेची हवा लागलेली. बेननं हजेरी घेताना ताईचं नाव घेतलं आणि मी हजर म्हणून उभी राहिले. सगळा वर्ग हसला. बेन हसल्या नाहीत. त्यांनी मला पुढे बोलावून विचारलं, आणि मी खात्यातल्या बदलीचं सगळं सांगितलं, आईनं सांगितलं तसं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाल्या, "शाळेत असं काही नसतं गं. तिची जागा कुणी घेत नाही." मग म्हणाल्या, "आलीच आहेस तर बस. काय शिकवते ते ऐक आणि घरी जाऊन तिला सांग."

अशी माझी डबल पाळी सुरू झाली. सकाळी ताईची सातवी, दुपारी माझी चौथी. दुपारच्या वर्गात मी बाकावर डोकं टेकून झोपायचे आणि मार खायचे. मला वाटतं, मी थकायला लागले ते तेव्हापासूनच.

ताईच्या बाकावर शेजारी एक मुलगी बसायची. तिचे वडील सरकारी कचेरीत साहेब होते. जवळपास दुसरी मराठी शाळा नव्हती म्हणून ती आमच्यात आलेली. तिची आई मधल्या सुट्टीत गरम डबा घेऊन यायची, कधीतरी मलाही पोळीचा तुकडा द्यायची. माणसं चांगली होती, खोटं कशाला बोलू. त्याच दिवसांत त्या मुलीला कांजिण्या आल्या आणि ती बरेच दिवस आली नाही. तिच्या जागेवर कुणीच बसलं नाही. दप्तर ठेवायची फळीसुद्धा रिकामी. तिची आई दर शनिवारी येऊन झालेला अभ्यास विचारून जायची. मी रोज त्या रिकाम्या जागेकडे बघायचे आणि वाटायचं, आता घेतील कुणाला तरी. कुणी घेतलं नाही. घरी येऊन मी आईला म्हटलं, बेन खरं बोलत होत्या.

आईनं बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं. "त्यास्नी गोट येगळी शे," ती म्हणाली.

तेव्हा मला आईचा राग आला होता. आता नाही येत. आईला शाळा कळत नव्हती, पण बाकीचं कळत होतं.

संध्याकाळी ताई भाकरी थापायची आणि मी शेगडीशेजारी बसून सातवी सांगायचे. मला त्यातलं निम्मं कळलेलं नसायचं. व्याजाची उदाहरणं मी उलटीपालटी सांगायचे. ताई हात न थांबवता ऐकायची, मग म्हणायची, "बेन असं म्हणाली नसेल, असं म्हणाली असेल," आणि ते बरोबर असायचं. तव्यावर भाकरी फुगायची आणि इकडे उत्तर निघायचं. मेसमधला एखादा कारीगर ताटावरून विचारायचा, पोरी, आमच्या पगाराचं पण काढून दे की एकदा. ताई हसायची. तिच्या हातच्या कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीची कीर्ती शेजारच्या गल्लीत गेली होती. नवी माणसं जेवायला येऊ लागली. आम्हा सगळ्यांना त्याचा आनंद झाला, मलाही. तिथेच घात झाला हे पुष्कळ उशिरा लक्षात आलं.

सव्वा महिना झाला. आईनं न्हाऊन चूल हाती घेतली आणि ताई परीक्षेला बसली. मला कुणी दुपारपर्यंत उठवलं नाही, मी नुसती झोपले. ताई पास झाली, गणितात वर्गात पहिली आली. ती साहेबांची मुलगी तिच्या बरीच खाली होती. तिनं आमच्या खोलीवर येऊन ताईला पेढा दिला आणि म्हणाली, आपण आठवीत पण एकाच बाकावर बसू. ताईनं मान डोलावली.

चणे मिळाले तेव्हा दात नव्हते, एवढंच म्हणता येईल. हायस्कूल सकाळी सातचं. मेस दुप्पट झालेली. आईच्या अंगात बाळंतपणानंतर ताकद आली नव्हती, मांडीवर बाळ, आणि वडिलांच्या खात्यात पुन्हा मंदी. कुणी बसून ठरवलं नाही की ताईची शाळा बंद. ते आपोआप होत गेलं. जूनमध्ये हायस्कूल उघडलं, त्या आठवड्यात ताई रोज म्हणायची, उद्या जाते.

मग एका संध्याकाळी बेन आमच्या खोलीवर आल्या. चाळीत कधी कुठली शिक्षिका आलेली नव्हती, दारं उघडून लोक बघत होते. आईनं त्यांना पाट दिला, चहा केला. बेन समजावून सांगत होत्या की मुलींना काही म्हणजे काही भरावं लागत नाही, सगळं माफ आहे, पुस्तकं मी मिळवून देईन. आई पदर सावरून ऐकत राहिली. मग तिनं हळूच विचारलं, "बेन, समदं माफ शे ते समजनं. पन सकायले सात वाजता इतली मानसं जेवाले येतस. त्यास्न्या भाकरी कोन करी?"

बेननं कपातला चहा बशीत ओतला. याचं उत्तर मला अजून कुणाकडे मिळालेलं नाही, डबे उघडून बोलणाऱ्यांकडे तर नाहीच.

आईनं खोलीत इकडेतिकडे पाहिलं आणि तिची नजर माझ्यावर थांबली. "धाकलीले भाकरी कराले लावस मंग," ती म्हणाली. "मोठीनी बदली."

"तिले लावू नको," ताई शेगडीपासून म्हणाली. "मी शे ना."

एवढं म्हणून तिनं परातीतलं पीठ ओढलं. मी करते, असं मी म्हटलं नाही. मी शाळेत जात राहिले, पुढे हायस्कूलला गेले, तिथून कॉलेजला, आणि जिथे पोचले तिथे पोचले.

बेन चहा संपवून उठल्या. दाराशी चपला घालत होत्या तेव्हा ताईनं मागून विचारलं, "बेन, आठवीत गणिताला काय असतं?"

बेन थांबल्या. एक चप्पल पायात, एक बाहेर. म्हणाल्या, अक्षरं असतात. आकड्याच्या जागी अक्षर धरायचं, ते किती आहे ते माहीत नसतं, मग शोधून काढायचं. आणि त्यांनी एक उदाहरण तोंडी घातलं, सोपं. ताईनं थापता थापता उत्तर दिलं. बेननं दुसरं घातलं, जरा अवघड. ताईनं हात थांबवला, वर बघितलं, आणि तेही दिलं. बाहेर पाळी सुटून कारीगर यायला लागले होते, दारात चपला पडू लागल्या. बेन बाजूला झाल्या. "बरं, येते," म्हणाल्या. ताईनं भाकरी तव्यावर टाकली. तिची आठवी तेवढीच झाली.