सुटणारा डावा हात

माझ्या नवऱ्याला वाटायचं, देवाने त्याला जन्माला घातलं ते माझ्या चुका काढायलाच. तोंडावर त्याला जन्मभर 'अहो-जाहो' केलं, इथे मुळीच करणार नाही.

सत्तर सालच्या सुमारास आम्ही नागपुरात सिव्हिल लाइन्सला राहायला आलो. ऑफिसातले मोठे साहेब गोल्फ खेळायचे, म्हणून हाही खेळायला लागला. मग साहेबांनी एका रविवारी बायकांसकट जोड्यांचा सामना ठरवला आणि रोज सकाळी मैदानावर माझी परेड सुरू झाली.

"मान वर करू नको. नजर चेंडूवर. गुडघे वाकव. अगं, डावा हात सुटला! पुन्हा सुटला! काठी दोन्ही हातांनी धरतात, एवढंही कळत नाही? नरखेडच्या मळ्यातून उचलून आणली, दुसरं काय होणार!"

खोटं कशाला बोलू, मला तो खेळ आवडायला लागला होता. काठी नीट बसली की टक् असा आवाज यायचा आणि अंगभर बरं वाटायचं. त्या रविवारी मला खेळायचंच होतं. पण त्याने बजावलं होतं, "हात सुटायचा थांबला नाही तर मी साहेबांच्या मेहुणीला जोडीला घेईन. तू बस चहा ओतत."

हात का सुटतो, हे त्या शहाण्याला दिसतच नव्हतं. काठी मागे नेली की माझा डावा खांदा खाली जायचा, पदर घसरायचा आणि तो सावरायला हात आपोआप वर यायचा. लहानपणापासूनची सवय ती, विचारून थोडीच येते! सेफ्टी पिन लावून पाहिली, तर साडीच टरकन फाटली. त्याचीही बोलणी मीच खाल्ली.

शनिवारी माझं डोकं फिरलं. आमच्याकडे नरखेडला संत्र्याच्या तोड्याला बाया खोचतात तसा पदर पाठीमागून फिरवून कमरेला करकचून खोचला आणि काठी फिरवली. टक्! चेंडू सरळ गेला, त्याच्या चेंडूच्याही पुढे.

मी वळून पाहिलं. रोज 'नजर चेंडूवर' म्हणून कोकलणारा हा माणूस माझ्या कमरेकडे बघत होता.

"हा काय अवतार? मजुरीला आलीस का? सोड आधी तो पदर."

रागाने माझी माहेरची बोली तोंडात आली. "नाही सोडत. मले असंच जमते जी. खेळीन तर अशीच."

"मग उद्या चहाच ओत."

रविवारी मी चहाच्या टेबलाशी, पदर नीट खांद्यावर. राग असा, की किटलीतला चहा कपांपेक्षा बशांतच जास्त ओतला. नवरा मेहुणीबाईंना घेऊन ऐटीत उभा राहिला. त्याने काठी फिरवली, आणि आपला चेंडू किती लांब जातो ते बघायला आधीच मान वर केली. काठी चेंडूला जेमतेम चाटून गेली. चेंडू घरंगळला आणि त्याच्या बुटांपुढेच थांबला.

मी किटली खाली ठेवली आणि सगळ्यांदेखत ओरडले, "अहो, मान काहून वर केली जी? नजर चेंडूवर ठेवा ना!"

साहेब पोट धरून हसले. मी नाही हसले. मी पदर कमरेला खोचला आणि चहा ओतायला लागले.