लच्छीचा परिच्छेद

अकरावी मुलगी माझ्या समोरच पडली.

सकाळची प्रार्थना चालू होती. तिसऱ्या रांगेतली ती मुलगी आधी डोलली, मग हात ताठ करून मातीत आडवी झाली. बाकीच्या मुली ओरडल्या नाहीत, त्यांना सवय झाली होती. दोघींनी तिला उचलून व्हरांड्यात नेऊन ठेवलं आणि त्या परत रांगेत येऊन उभ्या राहिल्या.

"पाहा मॅडम," मुख्याध्यापक म्हणाले, "पंधरा दिवसांपासून असंच होऊन राह्यलं. मायबाप म्हणतात देव खवळला. पोरी घेऊन चालले घरी. पुढच्या महिन्यात इन्स्पेक्शन आहे. साहेबाले कोणाची हजेरी दाखवू मी?"

ही आश्रमशाळा, म्हणजे जंगलातल्या गावांतल्या मुलांनी तिथंच राहून शिकायची शाळा. चामोर्शीच्या पुढे, डांबरी रस्ता संपल्यावर जीपनं दीड तास. ऐंशीचं दशक होतं, गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. मी मानसोपचारात एम. डी. करून मुलांच्या मानसोपचाराच्या फेलोशिपला होते. फेलोशिप म्हणजे नोकरीही नाही आणि नुसतं शिक्षणही नाही. मोठ्या डॉक्टरच्या हाताखाली काम करायचं आणि शेवटी त्याच्या सहीनं सर्टिफिकेट मिळवायचं. हे मोठे डॉक्टर, म्हणजे आमचे गाइड, शहरात बसायचे. फील्ड पोस्टिंगसाठी इकडं यायला दुसरं कोणी तयार नव्हतं. सर म्हणाले, "तुम्ही तिकडच्याच ना? मग प्रश्नच मिटला."

मी चिमूरकडची. पण माझं गाव आणि ही शाळा यांच्यात सगळं जंगल होतं, आणि मला गोंडी येत नव्हती. सरांच्या नकाशावर ते सगळं एकच 'तिकडे' होतं.

पडलेल्या मुलीला मी तपासलं. मिरगीच्या झटक्यात जीभ चावली जाते, कपड्यात लघवी होते. तसं काही नव्हतं. मी पापणी उघडायला गेले तर तिनं ती घट्ट मिटून धरली. याला आमच्याकडे कन्व्हर्जन म्हणतात. जे तोंडावाटे बोलता येत नाही ते अंगावाटे बाहेर पडतं. हे नाटक नसतं. मूल मुद्दाम करत नाही, आणि त्याला रागावून ते थांबत नाही. अशा वेळी दोन गोष्टी विचारायच्या असतात. सगळ्यात आधी कोण पडलं? आणि त्याच्या आधी काय घडलं होतं?

सगळ्यात आधी पडलेली मुलगी जैनी होती. पाचवीतली, अकरा वर्षांची. मी समोर बसवलं तर खाली मान घालून बसली. मग मी कागद आणि रंगीत पेन्सिली दिल्या. "तुम्ही झोपता तिथलं चित्र काढ," म्हटलं. तिनं बराच वेळ घेऊन लांबट चौकोन काढले, प्रत्येकाच्या टोकाला एक डोकं. एका चौकोनाला डोकं नव्हतं. त्याच्या शेजारी पत्र्याची पेटी होती.

"हे पेटी कोणाची?"

"लच्छीची."

"लच्छी कुठी आहे?"

"गुरुजी म्हणते, घरी गेली." मग तिनंच मला विचारलं, "घरी गेली तं पेटी काऊन नाई नेली?"

दुपारी मी स्वयंपाकघरात गेले. पोचूबाई तिथं वीस वर्षांपासून स्वयंपाक करत होत्या. मुलींशी गोंडीत बोलणारं त्या शाळेत दुसरं मोठं माणूस नव्हतं.

"बाई, तुमी लिवून घ्याल तं मी नाई सांगत," त्या म्हणाल्या. मी वही मिटून ठेवली.

लच्छीला चार दिवस ताप होता. जैनी तिच्या शेजारी झोपायची. कपाळावर ओल्या पट्ट्या तिनंच ठेवल्या. दोनदा जाऊन गुरुजींना सांगितलं. गुरुजी म्हणाले, उतरेल. पाचव्या दिवशी लच्छी बरळायला लागली, तेव्हा तिला बैलबंडीत घालून दवाखान्याकडे नेलं. ती वाटेतच गेली. बंडी तिथूनच तिच्या गावाकडे वळवली. रजिस्टरमध्ये 'घरी गेली' असं लिहिलं, आणि मुलींना सांगितलं, जी कोणी लच्छीचं नाव काढेल तिचं नाव शाळेतून काटू.

मी मुख्याध्यापकांकडे गेले.

"मुलींना खरं सांगावं लागेल," मी म्हटलं. "औषध तेवढंच आहे."

"मॅडम, वरून हुकूम आहे का बभ्रा नाई पायजे. मी बी लेकराबाळांचा माणूस आहो."

"मग पडू द्यायच्या का त्यांना?"

त्यांनी टेबलावरच्या कागदांची चळत सरळ केली. "उद्या चामोर्शीचा बाजार आहे," ते म्हणाले. "मी बाजारात राहीन. मले काही मालूम नाई."

दुसऱ्या दिवशी मुलींना वर्गात गोल बसवलं. मी मराठीत सांगत होते, पोचूबाई गोंडीत. लच्छी मेली आहे. तिचा ताप मेंदूत चढला होता. तुमच्यापैकी कोणाचा त्यात दोष नाही. पोचूबाईंचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत रडणं सुरू झालं. मी ते थांबवलं नाही.

जैनी रडली नाही. तिनं पोचूबाईंना हळूच काहीतरी विचारलं. पोचूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"काय म्हणते?"

"म्हणते, पाणी लय थंडं होतं. पट्टी मीनं ठेवली, म्हणून मेली का?"

तीन आठवडे ते मूल हे पोटात घेऊन हिंडत होतं. मी तिला जवळ घेऊन सांगितलं की तिनं जे केलं तेच डॉक्टरनंही केलं असतं. पोचूबाईंनी ते गोंडीत सांगितलं, मग पुन्हा सांगितलं. तिसऱ्या वेळी जैनी रडली.

त्यानंतर आणखी दोघी पडल्या. पुढे कोणी पडलं नाही. नेलेल्या मुली परत यायला लागल्या.

शहरात गेल्यावर मी रिपोर्ट लिहिला. पोचूबाईंचं नाव कुठं येऊ दिलं नाही, पण लच्छीचा ताप, चार दिवस, रजिस्टरमधली खोटी नोंद, धमकी, सगळं एका परिच्छेदात घातलं. सरांनी तो वाचला.

"उत्तम केस आहे. कॉन्फरन्सला पाठवू. फक्त हा परिच्छेद काढा."

"सर, मुली पडल्या त्याचं कारणच ते आहे."

"आपण डॉक्टर आहोत, पोलीस नाही. आश्रमशाळा चालवणाऱ्या ऑफिसचा मला फोन आला होता. उद्या त्यांनी आपलं पोस्टिंग बंद केलं, तर तुमच्या मागून येणाऱ्यांनी शिकायचं कुठं?" त्यांनी रिपोर्ट माझ्याकडे सरकवला. "आणि तुमचंही सर्टिफिकेट व्हायचंय अजून."

माझे वडील प्राथमिक शिक्षक. छप्पन साली दीक्षा घेऊन आले, त्या दिवसापासून घरात शिकण्यापलीकडे दुसरा विषय नव्हता. लेक कशाची डॉक्टर होणार हे त्यांनी विहारात सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. मी हे कारण म्हणून सांगत नाही. त्या वेळी मनात काय आलं ते सांगते. परिच्छेद मी काढला. त्याच्या जागी एक ओळ घातली, 'मैत्रिणीच्या वियोगाची पार्श्वभूमी.' रिपोर्टची एक प्रत आश्रमशाळांच्या त्याच ऑफिसात गेली. कॉन्फरन्समध्ये सरांना टाळ्या मिळाल्या, मला सर्टिफिकेट.

सहा महिन्यांनी त्या बाजूला काम निघालं म्हणून मी शाळेत गेले. पोचूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी जैनीला बोलवा म्हटलं. त्यांनी मान वर केली नाही.

"तिचं नाव काटलं."

"कोणी?"

"तुमच्याच कागदावर होतं म्हणते, का पयली हेच पडली. हिच्यापासून बाकीच्याईले लागलं. हे नसन तं कोणी पडनार नाई, असं साहेब म्हणे."

साथीत पहिल्या रुग्णाला आम्ही इंडेक्स केस म्हणतो. शोध कुठून सुरू करायचा, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या रिपोर्टमध्ये जैनीच्या नावापुढे तेच शब्द होते. कारण सांगणारा परिच्छेद गेल्यावर त्या कागदावर कारण म्हणून एकच गोष्ट उरली होती, आणि ती म्हणजे जैनी.

मी ऑफिसला पत्र लिहिलं, मग दुसरं लिहिलं. दुसऱ्याचं उत्तर आलं: 'सदर कार्यवाही वैद्यकीय अहवालास अनुसरून करण्यात आली आहे.' अहवाल माझाच होता. जैनीच्या गावाला गेले तर घराला कडी. तिचे आईवडील तिला घेऊन नदीपलीकडे नातेवाइकांकडे कामाला गेले होते. पाचवी तिची तिथंच संपली.

गेली पंचवीस वर्षं मी फेलोंना एकच गोष्ट सांगत आले आहे. कोण पहिलं पडलं हे लिहिणार असाल, तर ते का पडलं हेही त्याच पानावर लिहा, आणि ते कारण काढायला सांगितलं तर नाव आणि कारण दोन्ही काढा. ते लिहून घेतात. त्यांना वाटतं, रिपोर्ट लिहायची ही एक पद्धत आहे.