पायापाशी ठेवलेलं शिरस्त्राण

कसब्यातल्या माझ्या दुकानात चिलखतं, शिरस्त्राणं मिळतात. एका दुपारी एक बाई आल्या. त्यांचा मुलगा मित्रांबरोबर युरोपातल्या जुन्या लढाया हुबेहूब उभ्या करतो; त्याला सोळाव्या शतकातलं इटालियन शिरस्त्राण हवं होतं.

माठ घेताना वाजवतात तसं त्या एकेक शिरस्त्राण बोटाने वाजवून, कान लावून ऐकत होत्या. पातळ पत्र्याची बाजूला सारली. मग डोळ्यांपुढे जेमतेम फट असलेलं एक पोलादी स्वतःच डोक्यात घातलं.

"मारा," आतून आवाज आला.

मी लाकडी हातोडी हळूच टेकवली.

"अहो, तिथे कुणी विचारून मारणार आहे का? जोरात."

मी मारलं. त्यांनी ते काढलं तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता.

"डोक्याला काही झालं नाही. पण तुमचा हात येताना दिसलाच नाही हो."

"तेव्हा फट एवढीच असायची," मी म्हणालो. "मोठ्या फटीचं चालेल त्याला?"

"नाही चालणार," म्हणत त्यांनी तेच घेतलं.

बाहेर जाऊन त्यांनी ते स्कूटरवर पायापाशी नीट ठेवलं आणि उघड्या डोक्याने त्या गर्दीत घुसल्या. समोरून टेम्पो आला. मी डोळे मिटून घेतले.