सोनाबाई आणि दादूचा सदरा

सोनाबाई कोळीण पनवेलच्या बंदरावर सुकी मासळी विकायची, आणि ज्याचं मन ठिकाणावर नसेल त्याच्यापाशी जाऊन बसायची. कोळीवाड्यात एकवीरेचं नाव घ्यायची, मुसलमानांच्या मोहल्ल्यात फातिहा पढून होईपर्यंत गप्प बसायची. मी वेणू, डॉक्टर दिनानाथांच्या दवाखान्यातली नर्स. मला तिची भारी चीड. इंजेक्शनं आम्ही द्यायची आणि नाव हिचं!

छप्पन साली मोरा बंदराजवळ दादू कोळ्याची होडी बुडाली. प्रेत मिळालं नाही, म्हणून घरच्यांनी गवताचा पुतळा केला, त्याला दादूचा सदरा चढवला आणि जाळला. तेव्हापासून त्याच्या बायकोनं, मैनानं, अन्न सोडलं. तिला सहावा महिना होता. रोज दुपारी ती दादूचं ताट वाढून समोर बसे. डॉक्टरांनी हात टेकले. ही जेवली नाही तर बाळ हातचं जाईल म्हणाले, आणि सोनाबाईला आणायला मलाच धाडलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण गेले.

सोनाबाईनं ना अंगारा लावला, ना धूप जाळला. ताटाशी बसली आणि दादू काय बोलतो, एवढंच मैनाला विचारलं.

"थंडी वाजते म्हनतो," मैना म्हणाली. "सदरा मागतो."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पुतळ्यासाठी मैनानं गुपचूप दिराचा सदरा दिला होता. दादूचा सदरा तांदळाच्या मडक्यात लपवला होता, त्याच्या अंगाचा वास राहावा म्हणून. मी मडक्यात हात घातला. तांदूळ कोरडे ठणठणीत, सदरा मात्र ओलाचिंब.

"ज्याचं त्याला दे, बाय," सोनाबाई म्हणाली.

भर दुपारी, ओहोटीला, मैनानं सदरा खाडीत सोडला. पाणी वाहत होतं, पण सदरा जागचा हलेना. मग कुणी आत हात घालावेत तशा दोन्ही बाह्या फुगल्या आणि तो सरळ खाली गेला. देवाशप्पथ, या डोळ्यांनी पाहिलंय मी.

घरी आल्यावर सोनाबाईनं एकच ताट वाढलं. मैना कितीतरी वेळ दाराकडे बघत राहिली.

"आता तो येनार नाय ना, मावशे?"

खोटं बोल गं बाई, मी मनातल्या मनात म्हणत होते.

"नाय," सोनाबाई म्हणाली.

मैनानं हंबरडा फोडला. रडता रडताच तिनं ताट स्वतःकडे ओढलं. मी पाणी आणायला उठले, मला तिच्याकडे बघवत नव्हतं.