डोक्यात नरक घेऊन तुळजापूर ते सास्तूर

सुवर्णाचं लग्न ठरल्याचं कळलं आणि त्याच दिवशी मी सास्तूरला जायचं ठरवलं. तिनं मला लिहिलेले दोन वर्षांचे प्रेमाचे मेसेज माझ्या मोबाईलमध्ये होते. ते तिथल्या नवऱ्या मुलाला दाखवायचे आणि लग्न मोडायचं, एवढाच बेत.

तुळजापूरहून सकाळी सातला गाडी काढली. चारशेच्या पेट्रोलमध्ये आरामात जाऊन येता येतं. नळदुर्गचा किल्ला बघाच, पण उन्हाळ्यात तिथल्या धबधब्याला पाण्याची आशा धरू नका. बुरुजावर नुसता वारा होता.

कॉलेज मी अर्ध्यात सोडलं, पण एक तास डोक्यातून जात नाही. सर युरोपातल्या मध्ययुगीन ख्रिस्ती कवींचा नरक सांगत होते. कुणाच्या कवितेत खिळे ठोकलेला अरुंद पूल, खाली आ वासलेली जनावरं. कुठं जसं पाप तशी शिक्षा : प्रेमात वाहवलेले कायमचे वादळात भिरभिरतात, पाय टेकायला जमीन नाही. तापट माणसं चिखलात एकमेकांना चावत बसतात. आणि सगळ्यांत तळाशी आग नाही, बर्फ. तिथं विश्वासघातकी गोठलेले. रडले तर आसवंसुद्धा डोळ्यांतच थिजतात.

बुरुजावर मी स्वतःला वाऱ्यात ठेवलं, सुवर्णाला बर्फात. लई बरं वाटलं.

हायवेच्या ढाब्यावर चहा घेतला. मालकानं विचारलं, "कुठं निघालाव?"

"सास्तूरला. लग्नाचं काम हाय."

"मंग रिकाम्या हातानं? पेढे तरी न्या की!"

सास्तूर म्हणजे त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नव्यानं बांधलेलं गाव, सरळ गल्ल्या. नवरा मुलगा, महादेव, दारात मोटारसायकल धूत होता. मी नाव सांगितलं. तो हात पुसत म्हणाला, "या. ती म्हणली होती, तुमी येताल. आदी जेवा."

त्याच्या आईनं ताट वाढलं. भाकरी, आमटी, शेंगदाण्याची चटणी. "लाजू नको लेकरा, अजून अर्धी घे."

घेतली. आणि हात धुऊन मोबाईल काढला. दाखवलाच.

महादेवनं चार-पाच मेसेज वाचले आणि मोबाईल परत दिला. "हे तिनं फकस्त तुमच्यासाठी लिवलं होतं न्हवं?"

मी मोबाईल खिशात घातला. त्या बर्फातही थर आहेत, पाहुणा-यजमानाच्या नात्यात घात करणारे खूप खाली असतात, हे सरांनी सांगितलेलं तेव्हा आठवलं.

लग्न ठरल्या दिवशीच आहे. वाटेत गाडी थांबवून मेसेज पुसले, पण वाचणाऱ्यानं वाचले होते. सास्तूरला जरूर जा, जेवल्याशिवाय कुणी सोडत नाही. फक्त माझ्यासारखं काम घेऊन जाऊ नका.

घरी पोचलो तर आईनं विचारलं, "जेवलास का?"

"जेवलो."

"कुणाकडं?"

मी तोंड धुवायला गेलो.